एफआरपी ३५५०, मागणी ३७५१, उत्तर प्रदेशात ४०००: उसाच्या दराचा हिशोब नक्की कसा मांडायचा?

पंचगंगेकाठी
२०२५-२६ चं गाळप १ नोव्हेंबरपासून सुरू झालंय आणि दरवर्षीप्रमाणे व्हॉट्सॲपवर आकड्यांची खिचडी शिजायला लागली आहे. कुणी केंद्राची एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा कायदेशीर किमान दर) टनाला ३५५० म्हणतो, कुणी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेतल्या ३७५१ च्या पहिल्या उचलीचं (पहिल्या हप्त्याचं) बोलतो, कुणी उत्तर प्रदेशात ४००० मिळतात म्हणून आपल्याला शिव्या घालतो. हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. धागा त्यासाठीच काढलाय. घोषणा नकोत, हिशोब टाका.

सुरुवात करतो. २०२५-२६ हंगामासाठी एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, ती १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे १०० किलो उसातून १०.२५ किलो साखर निघाली तर. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ. खाली आला तर तेवढीच घट, पण ९.५ च्या खाली घट थांबते आणि ३२९.०५ वर दर टिकतो.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या १२.२५ उताऱ्याच्या कारखान्याचं उदाहरण घ्या. १०.२५ च्या वर २ टक्के, म्हणजे ०.१ चे २० टप्पे. २० गुणिले ३.४६ म्हणजे ६९.२०. एकूण ४२४.२० क्विंटलला, टनाला ४२४२. हा दर कारखान्याच्या गेटवरचा. तोडणी आणि ओढणी कारखाना करतो, तो खर्च यातून वजा होतो. समजा टनाला ८५० लागले, तर खात्यावर ३३९२. ३३९२ म्हणजे एफआरपी बुडवली असं नव्हे आणि ४२४२ म्हणजे हातात पडणारे पैसेही नव्हेत. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

उरलेली निम्मी खरी आहेत: पैसे एकरकमी की तुकड्यांत, उतारा कुणी ठरवायचा आणि तोडणी-वाहतुकीचा आकडा कुणी तपासायचा.

पुणेरी_शंका
मग उत्तर प्रदेशातले क्विंटलला ४०० काय आहेत? तिकडे उतारा आपल्यापेक्षा कमी असतो म्हणतात, तरी दर जास्त?

बांधावरून
@पुणेरी_शंका, ते ४०० राज्य सरकारने जाहीर केलेले आहेत, त्याला एसएपी म्हणतात. केंद्राची एफआरपी हा किमान दर. उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा त्यावर आपला दर लावतात. उत्तर प्रदेशाने यंदा ३० रुपये वाढवून लवकर पक्व होणाऱ्या जातींना ४०० आणि सर्वसाधारण जातींना ३९० केले.

दोन फरक लक्षात ठेवा. एक, तो दर सपाट आहे, उताऱ्याला बांधलेला नाही. दोन, तिकडे ऊस तोडून आणायचं काम शेतकऱ्याचं. मजुरी त्याच्या खिशातून, ट्रॉली त्याची, गेटवर रांगेत तो उभा. म्हणून त्यांचे ४००० आणि आपले ३३९२ शेजारी ठेवून तुलना करू नका. आपले ४२४२ आणि त्यांचे ४००० ठेवा, आणि दोन्हीकडून तोडणी-ओढणी वजा करा.

महाराष्ट्रात एसएपी नाही. कर्नाटकातही नाही, पण यंदा बेळगाव भागात आंदोलन पेटल्यावर तिथल्या सरकारने टनाला ३३०० ठरवून दिले. सीमेवरचा ऊस दोन्हीकडे जातो, त्यामुळे तो आकडा आपल्याकडच्या पहिल्या उचलीवर दबाव टाकणारच.

ताळेबंद
एक वेगळा हिशोब मांडतो. तो समजला की कारखानदार का रडतात आणि त्यातलं खरं किती, दोन्ही कळेल.

३५५ ला १०.२५ ने भागा. ३४.६३ येतं. वाढही ३.४६ च आहे. म्हणजे एफआरपी दिसायला उसाचा दर असली तरी आतून तो साखरेचा दर आहे. उसातून निघालेल्या प्रत्येक किलो साखरेमागे ३४ रुपये ६३ पैसे उसाचे. कारखाना १० चा असो की १२.५ चा, हा आकडा हलत नाही.

आता साखरेची किमान विक्री किंमत बघा. जून २०१८ ला २९ रुपये ठरली, फेब्रुवारी २०१९ ला ३१ झाली आणि २०२५-२६ चा हंगाम सुरू होतानाही ३१ च आहे. २०१८-१९ ला एफआरपी होती २७५, १० टक्के उताऱ्याला. म्हणजे किलोमागे २७.५० उसाचे, साखरेला कायद्याने ३१. आज उसाचेच ३४.६३ आणि साखरेला कायद्याने ३१. कच्च्या मालाचा कायदेशीर दर पक्क्या मालाच्या कायदेशीर दरापेक्षा वर गेलाय. बाजारभाव ३१ च्या बराच वर आहे म्हणून गाडा चालतो, नाहीतर पहिल्याच पंधरवड्यात दिवाळं.

रंगराजन समितीने २०१२ मध्ये सूत्र दिलं: साखर आणि उपपदार्थ मिळून उत्पन्नाच्या ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या ७५ टक्के शेतकऱ्याला. यालाच आरएसएफ, म्हणजे महसूल वाटपाचं सूत्र म्हणतात. ३४.६३ ला ०.७५ ने भागा, ४६.१७ येतात. म्हणजे साखर कारखान्याबाहेर किलोला ४६ रुपयांच्या वर गेल्याशिवाय ७५ टक्क्यांचं सूत्र एफआरपीला ओलांडत नाही. म्हणूनच "आरएसएफप्रमाणे जास्तीचे पैसे द्या" ही मागणी सध्याच्या साखरभावात बहुतेक कारखान्यांवर कागदोपत्री उभी राहत नाही.

खोडवा
@ताळेबंद साहेब, गणित बरोबर, पण अर्धं. उसातून निघणारी एकटी साखर तुम्ही धरलीत. टनामागे २८० ते ३०० किलो बगॅस (उसाचा चोथा) निघतो, ४० ते ४५ किलो मळी (साखर काढून उरलेला पाक), वर ३०-४० किलो प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ). बगॅस जाळून सहवीज, म्हणजे कारखान्यातली वीजनिर्मिती, आणि मळीवर इथेनॉलची डिस्टिलरी. ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याचा ताळेबंद आणि नुसती साखर करणाऱ्या जुन्या सहकारी कारखान्याचा ताळेबंद यांत जमीन-अस्मानाचा फरक. ७५ टक्क्यांचं सूत्र दोघांना सारखंच लावलं की ज्याची डिस्टिलरी मोठी तो खुशीत.

आणि ७० टक्क्यांच्या सूत्रातही खाचा आहेत. डिस्टिलरी आणि सहवीज प्रकल्प हे वेगळं युनिट दाखवायचं आणि त्याला मळी, बगॅस "हस्तांतर किमतीला" द्यायचा. उत्पन्नात मग इथेनॉल येत नाही, मळीचा ठरवलेला दर येतो. सूत्र कागदावर पाळलं जातं. हिशोब मागायचा तर हस्तांतर दराचा मागा.

थोडा इतिहास, कारण नवीन लोकांना वाटतं नफ्यातला वाटा ही आंदोलनातली घोषणा आहे. २००९ पर्यंत एसएमपी (एफआरपीच्या आधीचा वैधानिक किमान दर) होती आणि ऊस नियंत्रण आदेशात ५अ कलम होतं, भार्गव सूत्र. त्यात हंगामानंतरच्या जास्तीच्या नफ्यातला अर्धा वाटा शेतकऱ्याचा होता. २००९ ला एफआरपी आली तेव्हा ते कलम गेलं, कारण नफ्याचा वाजवी हिस्सा आधीच दरात धरलाय असं सांगण्यात आलं. महाराष्ट्राने २०१३ ला स्वतंत्र कायदा करून मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली ऊस दर नियंत्रण मंडळ आणलं. हंगाम संपल्यावर कारखानानिहाय आरएसएफ दर तेच मंजूर करतं.

पुणेरी_शंका
पण मग जे कारखाने एफआरपीपेक्षा जास्त देतात ते कसं काय देतात? आणि त्यावर आयकर लागायचा असं वाचलं होतं.

ताळेबंद
लागायचा. आयकर खात्याचं म्हणणं, ठरलेल्या दराच्या वर दिलं ते उसाचा खर्च नव्हे, सभासदांना वाटलेला नफा. वर्षानुवर्षं नोटिसा पडून होत्या. २०१६-१७ पासून सरकारने मान्य केलेल्या दरापर्यंतचा खर्च वजावटीला धरायचं ठरलं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याआधीच्या वर्षांनाही सवलत मिळाली. अर्थमंत्र्यांनी तेव्हा सुमारे १०,००० कोटींचा दिलासा म्हटलं होतं. तो विषय आता बराचसा निकाली आहे. कुणी "जास्त दिले तर आयकर बसेल" म्हणून हात वर करत असेल तर ते जुनं रडगाणं.

@खोडवा, हस्तांतर किमतीचं मान्य. त्या मुद्द्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही.

मालतारण
एकरकमीच्या वादात बँकेची बाजू कुणीच मांडत नाही, म्हणून.

कारखाना चार-पाच महिने ऊस घेतो आणि साखर बारा महिने विकतो. तीही हवी तेवढी नाही. जून २०१८ पासून केंद्र महिन्याचा कोटा देतं. उसाचे पैसे मात्र १४ दिवसांत. मधलं अंतर मालतारण कर्जाने भरायचं. गोदामात साखरेची पोती, चावी बँकेची, पोत्यामागे उचल.

ढोबळ हिशोब करा. बँकेने साखरेचं मूल्यांकन क्विंटलला ३६०० धरलं आणि ९० टक्के उचल दिली तर ३२४०. यातून प्रक्रिया खर्च म्हणून समजा २५० कारखान्याला, जुन्या कर्जांच्या हप्त्यापोटी टॅगिंग, म्हणजे बँकेची परस्पर कपात, समजा ४००. उसासाठी उरले २५९०. आणि @ताळेबंद यांनीच काढून दिलंय की क्विंटल साखरेमागे उसाचे ३४६३ लागतात. ८७३ रुपयांचा खड्डा. तो स्वनिधीतून भरा, इथेनॉलच्या पैशांतून भरा, नाहीतर थकवा. ज्या कारखान्याचं नक्त मूल्य उणे आहे त्याला ९० टक्के उचलही मिळत नाही, ८५ वर येते. खड्डा अजून मोठा.

त्यामुळे थकबाकीचे कारखाने दरवर्षी बहुतेक तेच ते असतात. टॅगिंग जास्त असलेला कारखाना उसाला कितीही चांगला दर जाहीर करो, पैसे कुठून येणार हे त्याच्या बँकेला विचारावं लागतं. पहिल्या उचलीच्या घोषणेपेक्षा वार्षिक अहवालातलं कर्जाचं पान वाचा.

बांधावरून
@मालतारण, हे सगळं खरं, पण हा खड्डा शेतकऱ्याने का भरायचा? खताच्या दुकानदाराला "साखर विकली की देतो" म्हटलेलं चालतं का?

आणि दोन तुकड्यांत म्हणजे किती रुपये अडकतात तेही लिहायला हवं. २१ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने पहिला हप्ता ठरावीक पायाभूत उताऱ्यावर द्यायचा होता: पुणे आणि नाशिक महसूल विभागाला १० टक्के, बाकी ठिकाणी ९.५. उरलेलं हंगाम संपून चालू वर्षाचा खरा उतारा निघाल्यावर. कोल्हापूर पुणे विभागात येतं. १२.२५ च्या कारखान्याला गेल्या हंगामाच्या, म्हणजे ३४० रुपयांच्या दराने लावून बघा.

पूर्ण एफआरपी: ३४० अधिक २० गुणिले ३.३२, म्हणजे ४०६.४०. टनाला ४०६४.
पहिला हप्ता १० टक्क्यांवर: ३४० वजा २.५ गुणिले ३.३२, म्हणजे ३३१.७०. टनाला ३३१७.

फरक ७४७. पण तोडणी-वाहतूक पूर्णच्या पूर्ण पहिल्या हप्त्यातून कापणार. ८५० धरले तर हातात २४६७, जिथे ३२१४ यायला हवे होते. नोव्हेंबरात तुटलेल्या उसाचे ७४७ रुपये एप्रिलपर्यंत बिनव्याजी वापरायला मिळाले. ज्याचा ऊस जास्त गोड, त्याचे जास्त अडकले. हा त्या निर्णयातला सगळ्यात उफराटा भाग. कोल्हापूर भागातल्या पुष्कळ कारखान्यांनी आंदोलनामुळे एकरकमीच दिले, ही वेगळी गोष्ट.

कलम_तीन
तो शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ ला रद्द केला. राजू शेट्टी यांची याचिका होती. मुद्दा साधा होता: ऊस नियंत्रण आदेश, १९६६ केंद्राचा आहे. त्यातली पैसे देण्याची रीत राज्य शासन निर्णय काढून बदलू शकत नाही.

पण लोक इथे एक गोष्ट नेहमी विसरतात. आदेशाच्या कलम ३(३) मध्ये ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे, असं आहे. त्याच वाक्यात "उभयतांत याविरुद्ध लेखी करार नसेल तर" हेही आहे. ऊस नोंदीच्या वेळी चिटबॉय (कारखान्याचा ऊस नोंदणारा माणूस) जो छापील कागद पुढे करतो त्यावर बारीक अक्षरांत "कारखाना ठरवील त्या हप्त्यांत रक्कम घेण्यास माझी संमती आहे" असं असतं. सही केली की १४ दिवसांचा मुद्दा लुळा पडतो. सही करण्याआधी ते कलम खोडा, खोडल्याजागी सही करा आणि फोटो काढून ठेवा. कोरा करार तर कुणी मागितला तरी देऊ नका.

उशिराचं व्याज ३(३अ) प्रमाणे दरसाल १५ टक्के. टनाला ३००० रुपये १४ दिवसांनंतर आणखी ६० दिवस थकले तर ३००० गुणिले ०.१५ गुणिले ६० भागिले ३६५, साधारण ७४ रुपये. ८० टन घातले असतील तर ५९०० च्या वर. हे व्याज आपणहून कुणी देत नाही, मागावं लागतं. आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. अर्जात "थकीत रक्कम मिळावी" एवढंच लिहितात. महिन्या-दोन महिन्यांनी मुद्दल येतं आणि अर्ज निकाली निघतो. व्याजाची मागणी स्वतंत्र परिच्छेदात, तारखा आणि आकडेमोडीसह लिहा.

अर्ज प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांच्याकडे, प्रत साखर आयुक्त, साखर संकुल, पुणे. सोबत वजनपावत्यांच्या प्रती, पंधरवडा बिल, बँक पासबुकाचं जमा नोंदीचं पान आणि नोंदणी कराराची प्रत. सहसंचालक कार्यालयातले विशेष लेखापरीक्षक कारखान्याच्या दप्तरातून पडताळणी करतात. थकबाकी निघाली तर आयुक्त सुनावणी घेऊन आरआरसी काढतात, म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुली, आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलदाराकडे जातं.

आरआरसीत काय बिघडतं? तहसीलदार गोदामाला सील ठोकायला जातो तेव्हा तिथली साखर आधीच बँकेकडे तारण असते. मग जप्ती मळी, बगॅस किंवा जमिनीवर येते, लिलावाला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि पुढचा हंगाम येतो. आरआरसी निघाली ही बातमी असते, पैसे मिळाले ही क्वचित असते. हंगाम चालू असताना, गोदामात ताजी साखर येत असताना अर्ज केला तर जोर असतो. मे महिन्यात केलेला अर्ज कमजोर.

मळीवाला
उताऱ्याकडे वळू, कारण माझ्या मते खरा पैसा तिथे मुरतो.

बी-हेवी म्हणजे साखर तीनदा काढण्याऐवजी (ती सी-हेवी) दोनदा काढून थांबायचं. मळीत साखर जास्त राहते, इथेनॉल जास्त होतं. ११.५ उताऱ्याच्या एका टनाचं ढोबळ गणित: सी-हेवीला ११५ किलो साखर आणि १०.८ लिटर इथेनॉल. बी-हेवीला ९५ किलो साखर आणि २१.७५ लिटर. साखरेचा दिसणारा उतारा दीड-दोन टक्क्यांनी पडतो. हा पडलेला उतारा एफआरपी काढताना परत मिळवावा लागतो. किती मिळवायचा याचा दाखला मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट देते. गोदामातला उतारा १०.३ आणि मिळवल्यावर ११.८ असेल, तर दीड टक्क्याचे १५ टप्पे गुणिले ३.४६, म्हणजे क्विंटलला ५१.९०, टनाला ५१९. दाखल्यात ०.२ इकडचं तिकडे झालं तरी टनाला ६९ रुपये. म्हणून कारखान्याला विचारायचा प्रश्न "उतारा किती" हा नाही. "निव्वळ किती, बी-हेवीची भर किती आणि रसाची भर किती" असे तीन आकडे लेखी मागा.

आता इथेनॉलमुळे कारखाने गब्बर झाले या समजाबद्दल. रसाचं इथेनॉल ६५.६१, बी-हेवीचं ६०.७३, हे दर २०२२-२३ पासून जागचे हललेले नाहीत. सी-हेवीचा तेवढा २०२४-२५ ला ५७.९७ केला. मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ मिळतात. वरच्याच टनावर तुलना करा. बी-हेवीत २० किलो साखर सोडली आणि जास्तीचे मिळाले २१.७५ गुणिले ६०.७३ वजा १०.८ गुणिले ५७.९७, म्हणजे साधारण ६९५ रुपये. ६९५ भागिले २०, किलोला ३४.७५. साखर याच्या वर विकली जात असेल तर बी-हेवी तोट्याचा सौदा. फायदा एवढाच की तेल कंपन्या साधारण तीन आठवड्यांत पैसे देतात, साखर मात्र कोट्याची वाट बघत पडते. @मालतारण यांनी सांगितलेला खड्डा त्यातून भरला जातो.

खोडवा
आणि धोरणाची धरसोड? ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन हंगामात, रसापासून इथेनॉलवर बंदी. आठवड्याभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेपर्यंत परवानगी. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी सगळंच मोकळं. ज्यांनी त्याआधी दोन वर्षांत व्याज सवलतीच्या योजनेत रसावर चालणाऱ्या डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, त्यांचे हप्ते काही बंदी बघून थांबले नाहीत.

मळीवाला
हो, आणि पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं मिश्रण गाठल्यावर गंमत अशी झाली की धान्याच्या डिस्टिलऱ्याच पुढे गेल्या. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी वाटलेल्या सुमारे १०४८ कोटी लिटरमध्ये उसाचा वाटा २८९ कोटींच्या आसपास. म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त. साखर उद्योगाला कार्यक्रम दाखवून सुरुवात झाली आणि मका जेवून गेला.

पुणेरी_शंका
उतारा कारखान्याच्या सरासरीवर का? प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाचा वेगळा मोजता येत नाही का? दुधाला फॅट लावतातच की.

बांधावरून
दूध डबड्यात येतं, ऊस ट्रॉलीत. मधे खोलवर नळी घालून नमुना काढायची यंत्रं आहेत, पण त्या नमुन्यावर दर लावायचा म्हटलं की प्रयोगशाळा कुणाच्या ताब्यात हा प्रश्न येतो. काट्यावर ज्यांचा विश्वास नाही ते नमुन्यावर ठेवतील?

सरासरीचा तोटा मात्र खरा आहे. १४ महिन्यांचा, स्वच्छ तोडलेला को ८६०३२ जातीचा ऊस आणि वाढ्यासकट (हिरव्या शेंड्यासकट) आलेला, तीन दिवस वाफ्यात पडून वाळलेला ऊस यांना एकच दर. फुले २६५ वजनाला तगडा आणि चोपण जमिनीतही येतो, पण उतारा हंगामाच्या सुरुवातीला कमी, म्हणून काही कारखाने त्याची तोड मागे ढकलतात. दर सारखाच असल्यामुळे शेतकरी टनेज बघतो. त्यात त्याची चूक नाही.

पंचगंगेकाठी
काट्याचा विषय निघालाच आहे तर. साखर आयुक्तालयाच्या परिपत्रकाप्रमाणे बाहेरच्या प्रमाणित काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्याने नाकारायचा नाही. व्यवहारात अडचण अशी की वाहनाचा चालक बाहेर काटा करायला थांबत नाही, कारण त्याची खेप चुकते. करायचंच असेल तर भरलेलं आणि रिकामं, दोन्ही वजनं त्याच बाहेरच्या काट्यावर करा. फक्त भरलेलं केलं आणि रिकाम्याचं वजन कारखान्याच्या पावतीवरून घेतलं तर तुलना फसते, कारण फरक बरेचदा रिकाम्या वजनातच असतो. डिझेलची टाकी, दोरखंड, चालकासोबत बसलेली दोन माणसं, यानेही ४०-५०, कधी शंभर किलो हलतात. तेव्हा एका खेपेवरून बोंब ठोकू नका. चार-पाच खेपांत एकाच दिशेने फरक दिसला तर वैधमापन शास्त्र विभागाकडे लेखी तक्रार, पावत्यांसह. भरारी पथक सांगून येतं अशी तक्रार सगळीकडे आहे, तरी कागद झालेला बरा.

खोडवा
तोडणी-वाहतुकीवर कुणीच सविस्तर लिहीत नाही, तेव्हा मीच.

कारखाना संपूर्ण हंगामाचा तोडणी-वाहतुकीचा खर्च एकूण टनांनी भागतो आणि सगळ्यांना सारखा लावतो. गेटपासून ५ किलोमीटरवरचा शेतकरी ६० किलोमीटरवरून आणलेल्या उसाचं डिझेल भरतो. गाळपक्षमता वाढवत नेलेले कारखाने लांबून ऊस ओढतात आणि तो खर्च जवळच्याच्या बिलातून जातो. अंतराचे टप्पे पाडून, समजा २५ किलोमीटरपर्यंत एक, ५० पर्यंत दुसरा आणि पुढे तिसरा, अशी कपात हवी. लांबचा ऊस आणायचा तर कारखान्याने स्वतःच्या खिशातून आणावा. दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची अट महाराष्ट्रात कारखान्याला संरक्षण देते. मग शेतकऱ्याला अंतराचं संरक्षण का नाही?

या आकड्यात काय काय बसतं तेही बघा. मजुराची टनामागची मजुरी, जी जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढली. मुकादमाचं कमिशन २० टक्के. वाहतूक भाडं. वर शेती खात्याचा खर्च, आणि उचल घेऊन न आलेल्या टोळ्यांची बुडीत रक्कमही काही ठिकाणी याच डोक्यावर टाकतात. हे शेवटचं चूक आहे. बुडीत उचल हा कंत्राटाचा तोटा, तो शेतकऱ्याच्या एफआरपीतून कसा वजा होईल? लेखापरीक्षकाकडे तक्रार करताना तोडणी-वाहतुकीची घटकनिहाय फोड मागा. शिवाय गोपीनाथ मुंडे महामंडळासाठीचे टनाला १० रुपये कारखान्याने भरायचे आहेत, ते तुमच्या बिलात कपात म्हणून दिसता कामा नयेत.

बिलात कुठेच न दिसणारा खर्च वेगळा. खुशाली आणि एन्ट्री. टोळीला एकरी ठरावीक रक्कम, चालकाला खेपेमागे वेगळी, वर जेवण. पाऊस लांबला, मजूर कमी आले की भाव चढतो. पावती नसते, त्यामुळे कुठल्याच सरकारी उत्पादन खर्चात ती बसत नाही. केंद्राने ३५५ जाहीर करताना खर्च क्विंटलला १७३ धरलाय आणि दर त्याच्या १०५.२ टक्के वर असल्याचं म्हटलंय. त्या १७३ मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड धरलेला नाही, खुशाली तर नाहीच.

ताळेबंद
@खोडवा, टप्पेनिहाय कपातीला एक अडचण. लांबचा ऊस आणणं बंद केलं तर गाळपाचे दिवस कमी होतात, स्थिर खर्च कमी टनांवर बसतो, आणि शेवटी साखरेचा उत्पादन खर्च वाढतो. जवळच्याला कपातीत वाचलेले दुसऱ्या हाताने जातील.

खोडवा
ते तर एफआरपीच्या वर काही मिळत असेल तर जातील ना! तुम्हीच वर दाखवलंत की ४६ रुपयांखाली सूत्र एफआरपी ओलांडत नाही. मग स्थिर खर्च वाढला तरी शेतकऱ्याचा दर कायद्याने तोच. वाचलेले १००-१५० मात्र त्याच्या खात्यावर रोख.

ताळेबंद
हं. हे आधी डोक्यात आलं नव्हतं. एकरकमी मिळत असेल तर तुमचं बरोबर आहे.

पुणेरी_शंका
शेवटची शंका. बिलातून सोसायटीचं कर्ज परस्पर कापतात, त्यामुळे "पैसे कमी आले" असं वाटतं का? ते थकबाकीत धरायचं का?

कलम_तीन
नाही. सोसायटीची वसुली, कारखान्याने दिलेल्या बियाण्या-खताची उधारी, ठिबकचा हप्ता, शेअर्सची रक्कम, या कपाती एफआरपी *दिल्यानंतरच्या* मानतात, कारण तुमच्या वतीने तुमचं देणं फेडलं जातं. अट एवढीच की कर्ज कापायला तुमची लेखी संमती हवी आणि कापलेल्या तारखेलाच ते सोसायटीत जमा व्हायला हवं. कारखाना जानेवारीत कापतो आणि जिल्हा बँकेत एप्रिलमध्ये भरतो, असं होतं. मधल्या तीन महिन्यांचं सोसायटीचं व्याज तुमच्या नावावर चढतं आणि परतफेडीची मुदत हुकली तर पीक कर्जाची व्याज सवलतही जाते. बिलावरची कपातीची तारीख आणि सोसायटीच्या खतावणीतली जमा तारीख ताडून बघा. फरक असेल तर अर्जात तिसरा परिच्छेद त्याचा.

पंचगंगेकाठी
वर @कलम_तीन यांनी सांगितलेल्या अर्जाचा कोरा नमुना कुणी टंकून टाकेल का? मुद्दल, व्याज, कपातीचा विलंब, असे तीन परिच्छेद आणि खाली जोडलेल्या कागदांची यादी. पहिला पंधरवडा १५ नोव्हेंबरला संपतो, १४ दिवस ऊस पोचल्यापासून धरायचे, म्हणजे त्यातल्या शेवटच्या उसाची मुदतही २९ नोव्हेंबरला संपते.